मनोरा कोणासाठी असतो?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल मेदकला गेली होती. मेदक आज तेलंगण राज्यात आहे. पण आपले किनवट 1956 सालापर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते आणि किनवट काय, मेदक काय, दोन्ही एकाच हैदराबाद संस्थानात नांदत होती. तेव्हा मेदक आपल्याला अगदीच परके नव्हे. तेथे एक फार मोठे ख्रिस्ती देऊळ आहे. ते पाहून मुले परतीच्या गाडीत बसली. गाडी थोडी पुढे गेली तरी मागे तो मनोरा दिसतच होता. तेव्हा पाचवीतल्या एका पोराने मला विचारले, “गुरुजी, त्या देवळाला एवढं लांब टोक कशाला काढलंय? आत बसणाऱ्याला तर ते दिसतच नाही!”

मुले हसली. मीही हसलो. “देव वर असतो ना, म्हणून,” असे काहीतरी उत्तर मी दिले. पोरगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. आत बसणाऱ्याला जे दिसत नाही, त्यावर माणसे एवढा खर्च, एवढी वर्षे, एवढा घाम का ओततात? हा प्रश्न नुसता ख्रिस्ती देवळाचा नाही. आपल्या देवळाच्या शिखराचा आहे, मशिदीच्या मिनाराचा आहे, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या सोनेरी घुमटाचाही आहे. आज त्याच प्रश्नावर आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. किनवटहून सारखणीच्या वाटेने माहूरला निघालात, की डोंगर आणि सागाची झाडे सोबतीला येतात. माहूरला रेणुकामातेचे स्थान डोंगरावर, अनसूयेचे डोंगरावर आणि दत्ताचेही डोंगरावर. दत्ताच्या डोंगराला आपण काय म्हणतो? दत्तशिखर. म्हणजे तेथे शिखर हा शब्द देवळाच्या माथ्याला नाही, सबंध डोंगरालाच लावला आहे. यातच या गोष्टीचे मूळ आहे. माणसाला देवळाला शिखर चढवण्याची बुद्धी सुचण्याआधी डोंगर होता. मैदानातल्या माणसाच्या गावात डोंगर नव्हता, म्हणून त्याने तो दगडाचा रचला. आपल्या शिल्पशास्त्रात देवळांना मेरू, कैलास अशी पर्वतांची नावे दिलेली आहेत, ती उगीच नाहीत. वेरूळच्या कैलास लेण्यात तर खऱ्याच डोंगराचे देऊळ केले. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत आणला. तेथे कळस आधी झाला आणि पाया शेवटी!

एरवी मात्र शिखर पायापासूनच चढवावे लागते. जुन्या दगडी देवळाचे शिखर कसे उभे राहते, ते पाहण्यासारखे आहे. गाभाऱ्याच्या भिंतींवर दगडाचा एक थर, त्यावर किंचित आत सरकवून दुसरा, त्याहून आत तिसरा. असे थर जवळजवळ येत वर मिळतात. मग त्यावर आवळ्यासारखा खोबणी असलेला गोल दगड बसतो. त्याला आमलकच म्हणतात. त्यावर कळस. वरचा भार खालच्या थरांना दाबून धरतो आणि सगळे एकमेकांच्या आधाराने उभे राहते. औंढ्याला नागनाथाचे देऊळ पाहिलेत तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. खालचे काम कोरीव काळ्या दगडाचे आणि वरचे शिखर मात्र निराळे, नंतरच्या काळातले. मूळ शिखर गेले. लोकांनी पुन्हा चढवले. मोडलेले शिखर लोक पुन्हा का चढवतात? तोच आपला प्रश्न.

आता ख्रिस्ती देवळाकडे वळू. पुष्कळांना वाटते की चर्च म्हटले की मनोरा हवाच, धर्माची तशी आज्ञाच असेल. तसे नाही. पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती देवळांना मनोरे नव्हतेच. त्यांच्या धर्मग्रंथात मनोरा बांधा असे कोठे सांगितलेले नाही. उलट जुन्या करारात बाबेलच्या मनोऱ्याची जी कथा आहे, ती माणसाला सावध करणारी आहे. माणसे आभाळाला भिडणारा मनोरा बांधू लागली, त्यांना गर्व झाला, तेव्हा देवाने त्यांच्या भाषा निरनिराळ्या करून टाकल्या. एकाचे दुसऱ्याला कळेना आणि काम तसेच राहिले. किनवटच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा आणि उर्दू अशा सहा भाषा एका सकाळी कानांवर पडतात. मनोरा न बांधताच आपल्याकडे भाषा झाल्या, आणि देवघेव काही अडत नाही, हे आपले भाग्य!

मग चर्चला मनोरा आला कोठून? तो आला घंटेमागोमाग. युरोपातल्या गावांत घड्याळे नव्हती. माणसे शेतांत, रानांत, डोंगरउतारांवर पांगलेली. उपासनेची वेळ झाली हे त्यांना कळवायचे कसे? घंटा वाजवायची. पण जमिनीवर टांगलेल्या घंटेचा नाद घरांच्या भिंतींत अडतो. ती उंच नेली तर तोच नाद कोसभर पोचतो. म्हणून घंटेसाठी मनोरा झाला. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रार्थनेची घंटा होई. त्या ठोक्यांवर बाया चूल पेटवत, माणसे औत सोडत. कोणी मेले तर घंटेचा ठोका निराळा. आग लागली, पूर आला, शत्रू दिसला तर घंटा निराळी. म्हणजे मनोरा हा गावाचा चौकीदार होता, दवंडीवाला होता आणि घड्याळही होता. पुढे कित्येक मनोऱ्यांवर खरेच घड्याळ बसवले गेले.

आणि ते निमुळते टोक? त्याचे पहिले कारण अगदी आपल्या घराच्या छपरासारखे आहे. त्या देशांत पाऊस आणि बर्फ फार. मनोऱ्याचा माथा सपाट ठेवला तर त्यावर बर्फ साचणार, लाकूड कुजणार. म्हणून उतरते छप्पर केले. ते चारी बाजूंनी उतरते केले की वर टोक येणारच. मग बाराव्या शतकापासून पुढे फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी या देशांतल्या कारागिरांना त्या टोकाची गोडी लागली. ते उंच उंच होत गेले. लोकांनी त्याला अर्थ दिला, की हे आभाळाकडे केलेले बोट आहे. आधी गरज येते, मग रूप येते आणि मग अर्थ येतो. आपल्या पणतीचे, तुळशीवृंदावनाचे, उंबऱ्याचे तरी दुसरे काय आहे?

पुष्कळ मनोऱ्यांच्या टोकावर कोंबडा असतो. ते पाहून आपल्याला नवल वाटेल. तो वाऱ्याबरोबर फिरतो आणि वाऱ्याची दिशा दाखवतो. पण त्याच्यामागे एक कथाही आहे. येशूला पकडले त्या रात्री त्याचा जिवलग शिष्य पेत्र भीतीपोटी तीन वेळा म्हणाला, की मी या माणसाला ओळखत नाही. तेवढ्यात कोंबडा आरवला आणि पेत्राला रडू कोसळले. तो कोंबडा माणसांनी देवळाच्या सर्वांत उंच जागी नेऊन बसवला. मोठ्यातला मोठाही वेळेला डगमगतो, याची आठवण माथ्यावर ठेवली. मला हे फार आवडते.

आपल्या महाराष्ट्रात असे मनोरे आहेत. मुंबईला कुलाब्याचे अफगाण चर्च घ्या. 1838 ते 1842 या काळात अफगाणिस्तानात जे युद्ध झाले, त्यात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले. 1858 साली ते उपासनेला खुले झाले आणि मनोरा पुरा झाला 1865 साली. त्याची उंची 198 फूट. बंदरात येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसे आणि नावाडी त्यावरून वाट ठरवीत. पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे देऊळ आहे, तेथे घंटांचा मनोरा देवळापासून वेगळा उभा आहे. जुन्या गोव्यात से कॅथेड्रल पाहाल तर त्याची एकच बाजू उंच दिसते. मुळात दोन मनोरे होते. त्यांतला एक 1776 साली पडला. उरलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. तेथूनच जवळ सेंट ऑगस्टीनचा मनोरा अर्धा पडून उभा आहे. त्याची घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

घंटांची गोष्ट निघालीच आहे, तर आणखी एक सांगतो. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेथल्या पोर्तुगीज चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला ती घंटा आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. त्या घंटा युद्धात मिळाल्या, हे खरे. पण पुढे काय झाले पाहा. त्या घंटेवरची आकृती कोणी घासून काढली नाही. शेकडो वर्षे भाविक येतात, हात उंच करून घंटा वाजवतात आणि महादेवाला नमस्कार करतात. घंटेचा नाद काही बदलला नाही. ती तेथेही माणसांना बोलावीत होती, येथेही बोलावते.

आता पुन्हा मेदककडे येतो, कारण तेथली हकिगत मला शाळेच्या पुस्तकात असावी असे वाटते. त्या भागात चार्ल्स वॉकर पॉस्नेट नावाचे इंग्रज मिशनरी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथे दुष्काळ पडला. शेते करपली, माणसे अन्नावाचून हिंडू लागली. अन्न फुकट वाटायचे, की काम देऊन द्यायचे? हा प्रश्न आपल्या मराठवाड्याला चांगला ठाऊक आहे. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, ती माणसे आजही आपल्या घरांत आहेत. फुकट घेताना मान खाली जाते. काम करून घेताना जात नाही. पॉस्नेट यांनी देवळाचे काम काढले आणि कामाच्या बदल्यात भुकेल्या माणसांच्या पोटाची सोय केली. 1914 ते 1924 अशी दहा वर्षे हे काम चालले. 25 डिसेंबर 1924 रोजी, नाताळच्या दिवशी, देऊळ उपासनेला खुले झाले. ते 200 फूट लांब आणि 100 फूट रुंद आहे. मनोऱ्याची उंची सुमारे 175 फूट. म्हणजे सतरा-अठरा मजल्यांची इमारत समजा.

आता तो मनोरा डोळ्यांसमोर आणा. त्यातला प्रत्येक दगड कोणाच्या तरी एका दिवसाच्या भाकरीचा आहे. दगड वाहणाऱ्या बाईने संध्याकाळी चूल पेटवली, ती त्या दगडामुळे. देवळात बसून प्रार्थना करणारा तो मनोरा पाहत नाही हे खरे, पण ज्या माणसाने तो चढवला, तो आपल्या शेतातून रोज तो पाहत असेल. “त्यात माझाही दगड आहे,” असे त्याने नातवाला सांगितले असेल. गावाच्या उंच इमारतीकडे पाहून गावातल्या सर्वांत गरीब माणसाला ‘माझी’ म्हणता आले, तर ती उंची सार्थकी लागली म्हणायची.

येथे मला त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. आत बसणाऱ्याला मनोरा दिसत नाही. अगदी बरोबर. कारण मनोरा त्याच्यासाठी नसतोच. गाभारा आतल्यांसाठी असतो. शिखर बाहेरच्यांसाठी असते. जो आजारी आहे, जो म्हातारा झाला, जो रानात गुरांमागे आहे, ज्याला आज मजुरी बुडवून देवळात येता येत नाही, त्याने लांबून मान वर करावी आणि हात जोडावे, यासाठी ते उंच असते. आपल्याकडे म्हणतातच, की कळसाचे दर्शन झाले म्हणजे देवाचे दर्शन झाले. पंढरीच्या वाटेवर थकलेल्या वारकऱ्याला कळस दिसला की त्याच्या पायांत पुन्हा बळ येते. आपल्या संतपरंपरेत ज्ञानोबांना पाया आणि तुकोबांना कळस मानतात, तेही उगीच नाही. जो सर्वांना दिसतो तो कळस.

पण श्रोतेहो, येथेच एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्याकडे काही माणसे कळसाला हात जोडत ती रानात होती म्हणून नव्हे. ती देवळाच्या दारात उभी होती. त्यांना आत घेत नव्हते. चोखोबा हे एवढे थोर संत, त्यांचीसुद्धा समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. आपल्या मराठवाड्यातल्या नरसीचे नामदेव औंढ्याला कीर्तनाला उभे राहिले, तर त्यांना देवळामागे जायला सांगितले आणि मग देऊळच फिरले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. कित्येक पिढ्यांनी देवाचे रूप म्हणून फक्त कळस पाहिला. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपूरला 1 मेपासून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. ख्रिस्ती देवळांतही हा दोष शिरला नाही असे नाही. दक्षिणेत काही ठिकाणी जातीजातींच्या बसायच्या जागा निराळ्या होत्या. म्हणून मी म्हणतो, लांबून दिसणारे शिखर हे आमंत्रण असते. आमंत्रण देऊन दार लावून घेणे यापरते दुसरे पाप नाही. ज्या देवळाचे दार सर्वांना उघडे आहे, त्याच्याच शिखराला अर्थ आहे.

उंचीची दुसरी बाजूही पाहायला हवी. मनोरे नुसते भक्तीने चढत नाहीत. कधी कधी ते ईर्षेने चढतात. राजाने विजय दाखवायला मिनार उभारावा, एका शहराने दुसऱ्यावर ताण करावी, हे जगभर झाले आहे. आणि उंचीला भार असतो. इंग्लंडात सॉल्झबरी येथे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला आधीच बांधून झालेल्या देवळावर मोठे दगडी टोक चढवले. ते जमिनीपासून 404 फुटांवर गेले. त्याचा भार सहा हजार टनांहून अधिक, आणि देवळाचा पाया जेमतेम चार फुटांचा. खालचे दगडी खांब त्या भाराने वाकले. ते वाकलेले खांब आजही डोळ्यांनी दिसतात. ते देऊळ उभे राहिले. तसे चढवलेले कित्येक मनोरे मात्र पडले. आपल्याला हे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जे झाले, ते लातूर आणि धाराशिवची माणसे विसरणार नाहीत. तेथे मनोरे नव्हते. साधी घरे होती. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, यांनी माणसे झोपेत गाडली गेली. तेव्हा गावात शिखर चढवा, मजला चढवा, नाहीतर पाण्याची टाकी बांधा. आधी जाणकार अभियंत्याला पाया दाखवा. वर्गणी कळसासाठी लवकर जमते, पायासाठी जमत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

आणखी एक धोका विजेचा. पूर्वी युरोपात समज होता, की घंटा वाजवली की वादळ पांगते. म्हणून वीज कडाडू लागली की माणसे मनोऱ्यात जाऊन घंटेचा दोर ओढत. गावात सर्वांत उंच तोच मनोरा, वर धातूची घंटा, हातात ओला दोर! म्युनिक शहरात 1784 साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात नोंद आहे, की 33 वर्षांत 386 मनोऱ्यांवर वीज पडली आणि 103 घंटा वाजवणारे मेले. ती माणसे गाव वाचवायला गेली होती. तिकडे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1752 च्या सुमारास दाखवून दिले, की उंच टोकावर धातूची सळई बसवून तिची तार जमिनीत खोल नेली, तर वीज त्या वाटेने मातीत उतरते आणि इमारत वाचते. सुरुवातीला काहींनी देवाच्या कामात ढवळाढवळ म्हणून नाके मुरडली. पण हळूहळू चर्चांच्या टोकांवर तीच सळई आली.

आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजा पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. म्हणून हे नीट ध्यानात ठेवा. गावातल्या उंच देवळावर, मशिदीवर, चर्चवर, शाळेवर वीजरोधक सळई आहे का, ते पाहा. नसेल तर कळसाला मुलामा देण्याआधी ती बसवा. वीज चमकल्यावर सेकंद मोजा. गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका, उघड्या मंडपात खांबाला टेकून उभे राहू नका. रानात आसराच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे ॲप मोबाइलवर मिळते. ते जवळच्या विजांची सूचना देते. गावातल्या एका तरी शिकलेल्या मुलाने ते ठेवावे आणि वेळेला हाकारा द्यावा. आजच्या काळातली घंटा ती हीच.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा पाठ वर्गात बसून शिकवू नका. मुलांना घेऊन गावातल्या सर्वांत उंच इमारतीपाशी जा, ती कोणत्याही धर्माची असो. बरोबर एक मीटरची काठी न्या. ऊन असताना काठी सरळ उभी धरा आणि तिची सावली मोजा. समजा ती 80 सेंटिमीटर भरली. त्याच वेळी शिखराच्या टोकाची सावली जमिनीवर कोठे पडते तेथे खूण करा. मुले लगेच भिंतीपासून खुणेपर्यंत मोजतील. समजा ते 9 मीटर भरले. तेथे त्यांना थांबवा. टोक भिंतीवर नसते, मधोमध असते. तेव्हा भिंतीपासून मध्यापर्यंतचे अंतर, समजा 3 मीटर, त्यात मिळवा. झाले 12 मीटर. आता 80 सेंटिमीटर सावलीला एक मीटर उंची, तर 12 मीटर सावलीला किती? पंधरा मीटर. न चढता उंची कळली! गणित झाले, भूमिती झाली. मग मुलांना गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. हे कोणी बांधले, दगड कोठून आला, कोणी वाहिला, कोणत्या साली पडझड झाली, पूर्वी कोणाला आत घेत नव्हते, हे विचारायला सांगा. शेवटचा प्रश्न टाळू नका. मुलांना वहीत लिहू द्या. इतिहास झाला.

असो. सहलीहून आल्यावर काही महिन्यांनी मला त्या पोराला उत्तर देता आले. मी त्याला म्हटले, “अरे, तू विचारलं होतंस ना, आत बसणाऱ्याला दिसत नाही तर टोक कशाला? ते आत बसणाऱ्यासाठी नाहीच. ते बाहेरच्यासाठी आहे.”

तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, “म्हणजे आमच्या आजीसाठी. तिला आता माहूरचा डोंगर चढवत नाही. खालूनच पाया पडते ती.”

मी म्हटले, “हो, तुझ्या आजीसाठी.”

श्रोतेहो, आपल्या गावात काहीही उंच बांधायचे झाले, तर एवढा एक प्रश्न आधी विचारावा: हे लांबून कोणाला दिसणार आहे, आणि तो माणूस ज्या दिवशी चालत येईल त्या दिवशी आपले दार उघडे असणार आहे ना? त्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल बांधा, आणि जमेल तेवढे उंच बांधा.